भांगाचं पाणी

दिवाळ्याच्या जेट्टीवरून निघालो तेव्हा साडेपाच.
नवमी. भांगाचं पाणी,
मऊ, कुणाला ओढत नाही.
हाशा नाखवा सुकाणूवर,
मी पुढे नाळेशी, गुडघ्यावर वही,
संस्थेच्या बाईंनी आखून दिलेले रकाने:
वेळ, खोली, किती, कुठल्या जातीचे.

पहिल्या दिवशी 'जात' लिहिताना पेन अडलं होतं.
आमच्या घरात हा शब्द
फॉर्म भरतानाच काढतात.

बेलापूरचे दिवे मागे राहिले.
सेतूखालून जाताना इंजिनाचा आवाज
आमच्याच डोक्यावर परत पडला.

घारापुरीच्या अलीकडे पहिला गादा.
पाठीवर गाठोडं बांधून निघालेला,
सावकाश, श्वास मोजून खर्चणारा.
मग दुसरा. त्याच्या कुशीला पिल्लू,
नव्या शिशासारखं.
लिहिलं: ६.४०, साडेचार वाव, तीन.

नंतर बराच वेळ काही नाही.
एक कंटेनरचं जहाज. थर्माकोलचे तुकडे.
नाखव्यानं इंजिन बंद करून
भाकरी आणि सुका जवळा काढला.

आणि तिथेच, जिथे मघाशी गादे होते,
पाणी नुसतं किंचित फुगलं.
काळी गुळगुळीत पाठ, तिला पर नाही, गाठ नाही,
तवा उलटा झाला आणि बुडाला.
शिडकावासुद्धा नाही.
"भुलगा," नाखवा म्हणाला, घास तोंडात ठेवून.
"दिसला तं एक लिव. नाय दिसला तं
नाय म्हनून लिवू नको."

बाई फोनवर म्हणाल्या, तो डॉल्फिन नव्हे खरं तर,
चुलत घराणं. त्याला वेगळा रकाना कर.
मी रेघ ओढली. होडी हलली.
रेघ वाकडी आली, तशीच ठेवली.

मी विचारलं, भांडत नाहीत?

"गादा वरल्या पान्यात बोयटांमागं.
भुलगा खाली, चिखलाला, करंदी नि माकूल.
ते चोचवाले मोठे तं लांब बाहेर,
पानी निळा होतो तिकडं.
कदी येतात आत, पाव्हन्यासारखे. ऱ्हात नाय."
हात पाण्यात बुडवून धुतले.
"पानी मोठा नाय. येळ मोठी हाय."

माझ्या आईचा आणि चांगुणाकाकूचा
मार्केटात एकच फळा आहे,
आजोबांनी दोन्ही सुनांना मिळून दिलेला.
आई सकाळची. दुपारी फळा धुते,
पालथा घालून निघते.
चारला काकू येऊन सुलटा करते.
अकरा वर्षं एकमेकींशी बोललेल्या नाहीत.
आई कधी कधी फळ्याखाली
खड्या मिठाची पुडी विसरते.
दर आठवड्याला कशी विसरते, विचारलं
तर म्हणते, तुला काय करायचंय.

हे इथे लिहायला नको होतं.
गाद्याला भुलग्याचं काय वाटतं, मला माहीत नाही.
नाखव्यानंच सांगितलंय,
एकदा करंज्याच्या तोंडाशी पाच-सहा गादे
एका भुलग्याला उलथंपालथं करत होते.
खेळत होते की मारत होते, त्याला कळलं नाही.
पुढे दोन पावसाळे
त्या बाजूला भुलगा दिसला नाही.
तेव्हा येळ कुठे गेली होती,
हे मी त्याला विचारलं नाही.

परतताना ऊन तापलं,
खाडीला तिवरांचा कुजका-गोड वास सुटला.
शेवटचा रकाना 'शेरा'.
तो मी नेहमी कोरा ठेवते.
आज लिहिलं:
त्याच जागी. गादे गेल्यावर सदतीस मिनिटांनी.
इंजिन बंद असताना.

मार्केटाशी आले तेव्हा चारला दहा कमी.
आई गेलेली. काकू यायची होती.
फळा पालथा,
अजून ओला.